हर्पिसचा रिपोर्ट हातात आल्यावर

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी हर्पिसची तपासणी अनेकदा 'टॉर्च' नावाच्या तपासण्यांच्या यादीतून घरात येते. दोनदा गर्भ राहून पडला की ती लिहून दिली जाते, रक्ताचा नमुना बाहेरगावच्या लॅबला जातो आणि परत आलेल्या कागदावर 'एचएसव्ही आयजीएम पॉझिटिव्ह' असं ठळक छापलेलं असतं. एचएसव्ही म्हणजे हर्पिसचा विषाणू. हा आजार शरीरसंबंधातूनही पसरतो, म्हणून घरात विचारपूस सुरू होते, आणि ती बहुधा सुनेचीच होते.

या आयजीएमवरून कुणालाही जाब विचारू नये. आयजीएम हे रक्तातलं एक प्रतिपिंड. ते दिसलं म्हणजे नवा संसर्ग, असा समज आहे. हर्पिसच्या बाबतीत तो टिकत नाही. जुना विषाणू पुन्हा उसळला तरी आयजीएम दिसतं, विषाणू प्रकार १चा की प्रकार २चा हे त्यावरून नीट कळत नाही, आणि संसर्ग नसतानाही ते पॉझिटिव्ह येऊ शकतं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनेही २०२१च्या मार्गदर्शनात ही तपासणी करू नये असंच सांगितलं आहे. 'टॉर्च' हे नाव आंद्रे नाहमियास यांनी १९७१ साली नवजात बाळांना आईकडून होणाऱ्या संसर्गांसाठी वापरलं. गर्भ वारंवार का पडतो हे शोधायला ती यादी केलेली नव्हती.

रक्तातली कामाची तपासणी आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाची, तीही दोन्ही प्रकार वेगवेगळे दाखवणारी. प्रकार १ पॉझिटिव्ह आला तर दचकू नका. जगात पन्नाशीच्या आतल्या साधारण दोनतृतीयांश लोकांत तो असतो, आणि बहुतेकांना तो लहानपणीच, घरच्यांच्या लाळेतून लागलेला असतो.

प्रकार २चा, म्हणजे बहुधा गुप्तांगावर येणाऱ्या हर्पिसचा, आकडा मात्र नीट बघा. सहसा ०.९च्या खाली निगेटिव्ह, १.१च्या वर पॉझिटिव्ह आणि मधलं संदिग्ध धरतात. समजा कागदावर १.८ आहे. लॅबच्या हिशेबाने तो पॉझिटिव्हच. पण ३पेक्षा कमी आकड्यांत खोटे पॉझिटिव्ह भरपूर निघतात, म्हणून दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय तो पक्का मानत नाहीत. असं का होतं, ते हिशेब मांडून पाहू. हजार माणसांत ५० जणांना खरंच संसर्ग आहे असं धरा. तपासणी त्यातल्या ४९ जणांना पकडते आणि निरोगी माणसांत शंभरात फक्त तिघांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. निरोगी ९५०, म्हणजे चुकीचे पॉझिटिव्ह २८ किंवा २९. एवढी चांगली तपासणी असूनही दर आठ पॉझिटिव्हमागे तीन खोटे! लक्षण नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये, असं तज्ज्ञ म्हणतात ते यासाठीच.

उलटी चूकही होते. संसर्गानंतर आयजीजी तयार व्हायला काही आठवडे लागतात. बारा आठवड्यांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट अखेरचा समजू नये. आणि संसर्ग कधी झाला, कुणाकडून झाला, हे कोणताही आयजीजी सांगत नाही. लग्नाआधीचा, वर्षानुवर्षं गप्प राहिलेला विषाणूही असू शकतो, नवऱ्यातही आणि बायकोतही.

खरा भरवसा फोडावरच्या स्वॅबचा. फोड ताजा, पाण्याने भरलेला असताना तो हलकेच फोडून तळाशी स्वॅब घासतात आणि पीसीआर करतात. पहिल्या दोन दिवसांत नमुना मिळाला तर उत्तम. खपली धरली की विषाणू हाती लागेलच असं नाही. म्हणून पीसीआर निगेटिव्ह आला तरी डॉक्टर लक्षणांचा विचार सोडत नाहीत. पीसीआरची सोय नसेल तिथे त्वचारोगतज्ज्ञ फोडाचा तळ खरवडून 'झांक स्मिअर' बघतात. ती स्वस्त आणि झटपट, पण हर्पिस आणि नागीण यांत तिला फरक करता येत नाही. नागिणीचा विषाणू वेगळा, तो कांजिण्यांचा.

गुप्तांगावर फोड आले तर लाजून आठवडा घालवू नका. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध मोफत मिळतं. तिथे लक्षणं पाहूनच उपचार सुरू करतात. हर्पिससाठी लाल किट असतं, त्यात असायक्लोव्हिरच्या गोळ्या. जवळचं केंद्र १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.

बाई गरोदर असेल तर पूर्वी असे फोड आले होते का, हे डॉक्टरांना जरूर सांगावं. शेवटच्या महिन्यात गोळ्या देऊन फोड टाळता येतात, आणि कळा सुरू होताना फोड असतीलच तर बाळाला जपण्यासाठी सिझेरियन करतात.