शाईतला बांबू

जपानमधल्या नारा शहरात शाईच्या कांड्या हिवाळ्यात घडतात. कोबाइएन हे तिथलं १५७७पासून चालत आलेलं शाईघर. त्याच्या एका खोलीत तेलाचे दिवे ओळीनं तेवत असतात आणि प्रत्येक दिव्यावर मातीचं झाकण असतं. बाळाच्या डोळ्यांसाठी दिव्यावर वाटी उपडी धरून काजळ धरायचे, तशीच ही रीत. काजळी सगळीकडे सारखी धरावी म्हणून कारागीर झाकणं थोड्या थोड्या वेळानं फिरवत राहतो. मग ती सरसात मळायची, हातांनी आणि पायांनीही. उन्हाळ्यात सरस नासतो, म्हणून हिवाळा. लाकडी साच्यातून निघालेली ओली कांडी राखेत पुरतात. राख बदलत जातात, दर वेळी आधीपेक्षा कोरडी. घाई केली तर कांडी तडकते. राखेतून काढल्यावर ती पेंढ्याच्या दोरीत गुंफून टांगून ठेवतात, तेव्हा कुठे ती पुरती वाळते.

जपानी शाईचित्र पाहिलं की आपण ‘किती सहज काढलंय’ म्हणतो. मला हे कौतुक अपुरं वाटतं. ती सहजता राखेत वाळलेली असते.

कांडी दगडावर थेंबभर पाणी घालून सावकाश उगाळायची. दगडाच्या चढाला ‘टेकडी’ आणि शाई साठते त्या खोलगटाला ‘समुद्र’ म्हणतात. पाइनच्या काजळीची शाई निळसर असते, तेलाच्या काजळीची तपकिरीकडे झुकते. आता बाटलीतली तयार शाईही मिळते आणि सरावाला ती चालते. पण पाणी वाढवत नेल्यावर कांडीची शाई ज्या झाका दाखवते, त्यांच्यासाठी उगाळण्याचे कष्ट घ्यावेत असं मी आग्रहानं म्हणेन.

शिकणाऱ्यापुढे चार वनस्पती येतात: प्लम, ऑर्किड, बांबू आणि शेवंती. ही चौकडी चीनमधून आलेली. हिवाळा, वसंत, उन्हाळा, शरद असा एकेक ऋतू एकेकीकडे.

बांबूपाशी रेंगाळायला हवं, कारण सगळं तंत्र त्यात आहे. कुंचला आधी फिक्या शाईत भिजवतात आणि नुसतं टोक गडद शाईत बुडवतात. तो आडवा करून ओढला की एकाच ओढीत कांड्याची एक कड गडद उमटते, दुसरीकडे रंग विरत जातो आणि दांडा गोल दिसू लागतो. बाह्यरेषा काढलेलीच नसते. ओढ खालून वर, बांबू वाढतो त्या दिशेनं. पेर संपलं की थांबायचं, किंचित दाबायचं, कुंचला उचलायचा आणि बारीक फट सोडून पुढचं पेर धरायचं. फट भरायची नाही. त्या कोऱ्या कागदावरच बांबू उभा असतो. सांध्यांवरच्या गडद खुणा नंतर. पान म्हणजे टोक टेकवणं, दाबणं आणि उचलत सोडून देणं. कागद शाई पिऊन टाकतो, त्यामुळे खोडायची सोय नाही. एक पान बिघडलं तर नवा कागद.

झेन भिक्षूंनी ही कला जपानात रुजवली. ग्योकुएन बोन्पो हा भिक्षू खडकांतल्या ऑर्किडच्या चित्रांसाठीच ओळखला जातो. सेश्शू १४६७मध्ये चीनला जाऊन तिथली चित्रं पाहून आला. पण माझ्या लेखी या परंपरेतलं सर्वांत मोठं झाडांचं चित्र हासेगावा तोहाकूचं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं सहा-सहा पाखांच्या दोन पडद्यांवर धुक्यातले पाइन रंगवले. ते आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मालकीचे आहेत. जवळून पाहिलं तर नुसते खरखरीत, आडदांड फटकारे. दूर गेलं की झाडं. बहुतेक कागद कोराच आहे आणि धुकं तिथेच आहे.

या परंपरेतला एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. चित्रकार अराई काम्पो १९१६मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कोलकात्याला आले आणि तिथल्या चित्रकारांना त्यांनी जपानी कुंचल्याची रीत शिकवली. नंतर सहकाऱ्यांसह अजिंठ्याला येऊन त्यांनी भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवलेल्या होत्या. १९२३च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत त्या जळून गेल्या.