स्वप्नात माणसं येतात, जनावरं येतात: अर्थ कसा लावायचा?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मसुदा. बोलताना जसं आलं, बरंचसं तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. आमचं मूळ घर तळेघरला, भीमाशंकरच्या रस्त्यावर. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, आजी गावालाच असते. गेल्या आषाढात तिचा फोन आला. म्हणाली, "ती परत आली रं सपनात. दारात उभी ऱ्हाती, चिखलानं भरलेली. बोलत काहीच न्हाई. काय मागत आसंल?"

"ती" म्हणजे आजीची मावसबहीण. 30 जुलै 2014 ला आमच्याच आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर खचला, दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्यात ती होती. पाऊस लागला की आजीला हे स्वप्न पडतं. यंदा कुणीतरी तिला सांगितलं, "तिचा आत्मा अडकलाय, विधी करावा लागेल." आणि त्या खर्चासाठी आजी शेळी विकायला निघाली होती.

तेव्हा मी ठरवलं, हा विषय नीट वाचायचा.

आपल्याकडे स्वप्नांच्या अर्थाच्या याद्या मिळतात. साप दिसला तर धनलाभ, अमुक दिसलं तर शत्रू. इंजिनियर म्हणून मला हे लुकअप टेबलसारखं वाटतं: एक इनपुट, एक ठरलेलं आउटपुट. पण विचार करा. साप सर्पमित्राच्या स्वप्नात आला आणि भातखाचरात साप चावलेल्या बाईच्या स्वप्नात आला, तर दोन्हींचा अर्थ एकच कसा असेल? यादीला तुमचं आयुष्य माहीतच नसतं.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांनाही हे कळलं होतं. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छिलेलं, कल्पनेतलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषामुळे पडणारं. यातले पहिले पाच प्रकार निष्फळ, म्हणजे त्यातून भविष्य काढू नये, असं चरक वैद्याला स्पष्ट सांगतात. भविष्यावर त्यांचा विश्वास होता, तरी बहुतेक स्वप्नं त्यांनी आपल्या रोजच्या जगण्याच्या खात्यात टाकली.

आता आधुनिक बाजू. 1953 मध्ये शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं, की झोपेत एक टप्पा असा येतो जिथे डोळे बंद पापणीखाली भराभर हलतात. याला आरईएम झोप म्हणतात. या वेळी उठवलं तर माणूस बहुतेकदा स्वप्न सांगतो. या टप्प्यात मेंदूतला भावनांचा भाग जोरात चालू असतो आणि तर्काचा भाग बराच मंद. म्हणून गेलेलं माणूस समोर उभं राहतं आणि आपल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

पुढे 1966 मध्ये हॉल आणि व्हॅन डी कॅसल यांनी स्वप्नांतली पात्रं मोजायची पद्धतच बनवली: किती माणसं, किती ओळखीची, किती जनावरं. त्या धाटणीच्या अभ्यासांतून दोन गोष्टी पुढे आल्या. लहान मुलांच्या स्वप्नांत जनावरं मोठ्यांपेक्षा जास्त येतात. आणि ज्याची काळजी जागेपणी, तेच बहुधा झोपेत. म्हणून जुन्नरच्या उसात बिबट्याच्या भीतीने वावरणाऱ्याला बिबट्या दिसला, तर त्यात गूढ काही नाही. मला हिंजवडीत बिबट्या दिसत नाही, मॅनेजर दिसतो!

आपल्या मातीतलं सगळ्यात सुंदर उदाहरण संत बहिणाबाईंचं, सतराव्या शतकातलं. कोल्हापूरला असताना त्यांना एका वासराचा फार लळा होता. जयरामस्वामींच्या कीर्तनाला जाऊन तुकोबांचे अभंग ऐकायचा ध्यास होता. वासरू गेलं, त्या शोकात असतानाच तुकोबा स्वप्नात आले आणि त्यांनी मंत्र दिला. ही हकीकत बहिणाबाईंनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगितली आहे. तोवर त्यांची तुकोबांशी भेट झालेली नव्हती. श्रद्धेने बघा, ती कृपा आहे. चरकाच्या यादीने बघा, ऐकलेलं आणि इच्छिलेलं एकत्र आलंय. दोन्हीकडून एक गोष्ट पक्की: स्वप्नाचा अर्थ बहिणाबाईंच्या आयुष्यात होता, यादीत नव्हता.

मग आपण काय करायचं? उठल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा.

एक, स्वप्नात मला नेमकं काय वाटलं? भीती, लाज, माया? चित्रापेक्षा भावना महत्त्वाची.

दोन, हे माणूस किंवा जनावर म्हटलं की मला पहिलं काय आठवतं?

तीन, सध्या जागेपणी हीच भावना कुठे आहे?

हे तीन प्रश्न मी आजीला फोनवर विचारले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आदल्या आठवड्यात तिनं बोलावलं व्हतं. आवणी चालली व्हती, म्या गेले न्हाई." इतक्या वर्षांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. बहीण काही मागत नव्हती. आजीलाच काहीतरी सांगायचं राहिलं होतं.

एक इशारा. तेच भयानक स्वप्न वारंवार पडत असेल, झोपेचीच भीती बसली असेल, तर डॉक्टरांशी बोला. यावर एक साधी उपचारपद्धत आहे: दिवसा, जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट आपल्या मनासारखा बदलायचा आणि तो रोज थोडा वेळ मनात घोळवायचा. माणूस गेल्याचा मोठा धक्का असेल, तर हे तज्ज्ञाच्या मदतीनेच करा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आजीने तिचा शेवट स्वतःच ठरवला: बहिणीला आत घ्यायचं, पाय धुवायला पाणी द्यायचं, चुलीपाशी बसवायचं. सर्वपित्रीला तिच्या नावाने पान वाढलं, घरच्या घरी. स्वप्न पूर्ण थांबलंय असं नाही. पण परवा म्हणाली, "आता ती दारात न्हाई ऱ्हात, आत येती."

शेळी आहे अजून. दोन करडं झालीत तिला.

तुम्हाला कोण भेटतं स्वप्नात? आधी ते तीन प्रश्न विचारून बघा, मग मला सांगा. भेटू पुढच्या भागात!