कल्पित भाषेतील शब्दार्थनिश्चिती : क्लिंगॉन भाषेच्या संदर्भात

प्रस्तावना :
नैसर्गिक भाषेत शब्दाचा अर्थ भाषिक समाजाच्या वापरातून सिद्ध होतो. कोशकार त्याची केवळ नोंद घेतो. चित्रपटासाठी वा कथेसाठी रचलेल्या भाषेस असा समाज नसतो. मग तिच्यातील शब्दाचा अर्थ कोणी व कशाच्या आधारे ठरवावा? प्रस्तुत लेखात क्लिंगॉन भाषेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

कोशाची मर्यादा :
'स्टार ट्रेक'च्या १९७९ मधील चित्रपटात क्लिंगॉनचे मोजकेच उद्गार होते. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी अमेरिकन भाषावैज्ञानिक मार्क ओक्रँड यांनी तिला व्याकरण व शब्दसंग्रह दिला. १९८५ मध्ये त्यांचा कोश प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक शब्दांपुढे एक-दोन इंग्रजी प्रतिशब्द एवढेच आढळते. त्यामुळे इंग्रजी शब्दाची संदिग्धता मूळ शब्दावर लादली जाते. 'बट्ल्ह' व 'कुव' या दोहोंसाठी इंग्रजीत 'ऑनर' हाच शब्द येतो. यांतील भेद १९९६ च्या 'द क्लिंगॉन वे' या पुस्तकात स्पष्ट झाला. पहिला शब्द व्यापक नैतिक तत्त्वाचा, तर दुसरा व्यक्तीच्या लौकिकाचा वाचक आहे. मराठीत एकास 'तत्त्वनिष्ठा' व दुसऱ्यास 'प्रतिष्ठा' म्हणता येईल. दोन्हीकडे 'सन्मान' योजल्यास भेद लोपतो.

अधिकार आणि वापर :
१९९२ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या क्लिंगॉन भाषा संस्थेच्या परंपरेत ओक्रँड यांनी दिलेले शब्द व अर्थ हेच प्रमाण मानले जातात. शंका त्यांच्याकडे मांडल्या जातात आणि त्यांच्या उत्तरांतून कोशातील नोंदी स्पष्ट होतात. तथापि निर्मात्याचा निर्णयही वापरापासून मुक्त नसतो. १९९१ च्या सहाव्या चित्रपटात हॅम्लेटच्या स्वगताचा आरंभ क्लिंगॉनमध्ये हवा होता. परंतु या भाषेत 'असणे' हे क्रियापदच नाही. ओक्रँड यांनी प्रथम 'जगणे' या अर्थाचे क्रियापद योजले. ते नटास उच्चारात प्रभावी वाटले नाही. तेव्हा क्रियेचे सातत्य दर्शविणाऱ्या 'तख' या प्रत्ययावरून 'टिकून राहणे' या अर्थाचे क्रियापद सिद्ध करण्यात आले. एका प्रयोगाच्या गरजेतून जन्मलेला हा शब्द पुढे कोशाच्या पुरवणीत समाविष्ट झाला.

समारोप :
यावरून असे दिसते की, प्रतिशब्द म्हणजे अर्थ नव्हे. अर्थ निश्चित होतो तो जवळच्या शब्दांशी असलेल्या भेदातून व प्रत्यक्ष प्रयोगातून. कल्पित भाषेत ही प्रक्रिया अल्प काळात व नोंदींसह घडत असल्याने कोशविद्या व अनुवाद यांच्या अध्यापनात ती उपयुक्त ठरते.