मनगटात दबलेली नस सोनोग्राफीत दिसते

रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते, सकाळी भाकरी थापताना बोटे बधिर होतात. अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी मानेचा एक्स-रे काढलेला असतो. चाळिशीनंतर मणक्यात थोडीफार झीज दिसतेच; मग गळ्यात पट्टा येतो. दुखणे मात्र मनगटात असते!

मनगटात तळहाताच्या बाजूस एक अरुंद बोगदा आहे. खाली हाडांची कमान, वर चिवट पट्टा. त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नावाची नस जाते. कंडरांचे आवरण सुजले की नस चेंगरते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढाच तिचा मुलूख. म्हणून मी आधी करंगळीची चौकशी करतो. ती बहुधा शाबूत असते.

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला पोट नाहीतर बाळंतपण आठवते. "हाताची कसली सोनोग्राफी?" असे रुग्ण विचारतात. पण पोटासाठीचा प्रोब इथे उपयोगाचा नाही. उथळ भाग स्पष्ट दाखवणारा, जास्त वारंवारितेचा प्रोब लागतो. त्यात नस पट्ट्याखाली चपटी आणि बोगद्याच्या तोंडाशी फुगलेली दिसते. तिथे तिच्या छेदाचे क्षेत्रफळ साधारण 10 चौरस मिलिमीटरच्या वर गेले की संशय बळावतो. गाठ किंवा सुजलेले आवरणही दिसते. सुई नाही, शॉक नाही.

तरी नस काम किती करते, हे सोनोग्राफी सांगत नाही. त्यासाठी विजेचे सौम्य झटके देऊन करायची नर्व्ह कंडक्शन तपासणी आहे. सुरुवातीच्या आजारात दोन्ही तपासण्या निर्दोष येऊ शकतात. लक्षणे स्पष्ट असतील तर मी आधी रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी देतो, साखर व थायरॉईड तपासतो. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो.

दोन्ही तळहात शेजारी धरून पाहा. एका अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट झाला असेल, शर्टाचे बटण लावताना बोटे अडखळत असतील, तर पट्टीवर महिने घालवू नका. शस्त्रक्रियेत तो चिवट पट्टा कापून नस मोकळी करतात. मुंग्या बहुधा जातात, पण फार दिवस वाळलेला स्नायू पुन्हा भरेलच असे नाही.