जुन्या जीपचे सुकाणू का थरथरते?

ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हे विद्यार्थी मित्रांनी आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात वाचले असेलच. यंत्रांनाही हाच न्याय लागू पडतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रविद्या हा आमचा विषय नव्हे. तथापि कारण आणि लक्षण यांतील भेद ओळखण्याचा इतका चांगला धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल, म्हणून जुन्या जीपच्या सुकाणूला, म्हणजे स्टिअरिंगला, सुटणाऱ्या कंपाविषयी येथे लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

विलीस कंपनीच्या जीपगाड्या १९४१ पासून दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत मोठ्या संख्येने तयार झाल्या. १९४७ पासून महिंद्र कंपनीने त्या मुंबईत जोडावयास आरंभ केला आणि पुढे कित्येक दशके त्याच घडणीच्या गाड्या आपल्या देशात निघत राहिल्या. गोव्यात कुळे येथून दूधसागराकडे ओढे तुडवीत जाणाऱ्या जीपगाड्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचा चरितार्थ अशाच एका जुन्या गाडीवर चालतो. सपाट रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाने जाताना एखादा खड्डा लागला की तिचे स्टिअरिंग डावी-उजवीकडे इतक्या जोराने हिसके देई की हात ठरत नसे. गाडीत माणसे बसलेली असत. तेव्हा प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा नव्हता.

हा कंप उत्पन्न कसा होतो? या जीपची पुढची दोन्ही चाके एकाच सलग आसावर बसविलेली असतात. एक चाक उंचवट्यावर चढले की सारा आस तिरपा होतो. फिरते चाक हे भोवऱ्यासारखे असते. त्याला एका बाजूस कलविले की ते दुसऱ्याच दिशेस वळू पाहते. दोन्ही चाके टायरॉड नावाच्या दांड्याने जोडलेली असल्यामुळे एकाचे वळणे दुसऱ्यालाही भोगावे लागते. सांधे घट्ट असतील तर ही हालचाल एक-दोन हेलकाव्यांत विरून जाते. सांधे सैल असतील तर मात्र, झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का मिळत राहावा तसा, प्रत्येक हेलकावा पुढच्यास बळ देतो. त्यासाठी लागणारी शक्ती गाडीच्या वेगातूनच मिळते. याच उपद्रवाचा अभ्यास करता करता मोटार बनविणारे प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्रपणे टांगण्याच्या रचनेकडे वळले. १९३४ साली जनरल मोटर्सच्या गाड्यांत ती आली. जीपने मात्र खडतर रस्त्यांवरील मजबुतीसाठी सलग आसच ठेवला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. खड्डा हे कंपाचे निमित्त आहे, कारण नव्हे. कारण शोधावयाचे तर क्रमाने गेले पाहिजे.

प्रथम चाके पाहावीत. हवा दोन्हींत सारखी आहे काय, रिम वाकडी आहे काय, टायर एके ठिकाणी अधिक झिजला आहे काय? पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून पाहावीत. कंपाचे रूप बदलले तर चाकांचा त्यात भाग आहे, असे समजावे.

मग गाडी जमिनीवर उभी असतानाच एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर मागे राहतो, हे बोटाला लगेच कळते. टायरॉडची टोके, ड्रॅगलिंक, विलीसच्या जुन्या घडणीतील बेलक्रँक नावाची मधली तरफ, स्टिअरिंगची पेटी चौकटीला जेथे आवळलेली असते तेथील बोल्ट, आणि स्प्रिंगांच्या पिना व बुश, ही सारी स्थाने तपासावीत.

त्यानंतर मागच्या चाकांना उटी लावून पुढचा आस जॅकने उचलावा व भक्कम आधारावर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. चाक वर आणि खाली धरून हलवावे. ते डुलले तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. सैलपणा नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर ज्यावर चाक वळते त्या किंगपिनचा. पाण्यातून वारंवार जाणाऱ्या गाडीत ग्रीस धुऊन जाते आणि ही बेअरिंगे गंजतात.

शेवटी कोन मोजावेत. किंगपिनचा माथा किंचित मागे कललेला असतो. विलीसमध्ये हा कल सुमारे ३ अंशांचा असे. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असल्यामुळे तिचे चाक सरळ राहू पाहते, तसेच हे आहे. स्प्रिंगा बसल्या किंवा गाडी उंच करण्यासाठी बदलल्या की हा कल बिघडतो.

उपरोक्त कुटुंबाने एका गॅरेजच्या सल्ल्याने कंप दाबणारा स्टिअरिंग डँपर दोनदा बदलला होता. काही आठवडे बरे गेले, आणि कंप पुन्हा उलटला. डँपर हेलकावे शोषून घेतो खरा. पण सैल सांधा घट्ट करण्याचे सामर्थ्य त्याच्यात नसते. पुढे दुसऱ्या एका मिस्त्रीने वरील क्रमाने तपासणी केली, तेव्हा ब्रेक दाबूनही डावे चाक डुलत राहिले. किंगपिनची बेअरिंगे बदलून, पातळ चकत्यांनी त्यांचा ताण जुळविल्यावर कंप थांबला. प्रत्येक बदलानंतर मोकळ्या रस्त्यावर कमी वेगाने चाचणी घेण्याची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची त्याची पद्धत प्रयोगशाळेतही अनुकरणीय ठरावी.

धावत्या गाडीत असा कंप सुटलाच तर जोराने ब्रेक मारू नये. स्टिअरिंग दृढ धरावे, ॲक्सिलरेटरवरील पाय उचलावा, वेग हळूहळू कमी होऊ द्यावा आणि गाडी कडेला घ्यावी. वेग उतरला की कंप थांबतो. पण तो थांबला म्हणून गाडी बरी झाली, असे समजून तिच्यात पुन्हा माणसे बसवू नयेत. आपल्या घरी किंवा शेजारी अशी गाडी असेल, तर वडील मंडळींना एवढे अवश्य सांगावे.