पद्मेपलीकडचं माहेर आणि फुटबॉल

शेजारी नवं बिऱ्हाड आलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "गाव कुठलं तुमचं?" म्हणजे आत्ता राहता ते नव्हे, मूळ गाव! ती कोकणातली निघाली की तिच्या आमटीत नारळ असणार आणि विदर्भातली निघाली की तिखट सांभाळून खायला हवं, असा अंदाज आपण मनातल्या मनात बांधून टाकतो. कोलकात्याच्या बंगाली घरांत याच प्रश्नाने आणखी एक गोष्ट कळते. त्या घरातली माणसं कुठल्या फुटबॉल संघासाठी जीव टाकतात ती!

आता तुम्ही म्हणाल, फुटबॉलचं कौतुक घरातल्या पुरुषांना सांगा, आम्हाला काय त्याचं? पण मैत्रिणींनो, जरा थांबा. ही हकीकत मैदानापेक्षा स्वयंपाकघरातूनच जास्त चांगली कळते. आणि माहेर सोडून आलेल्या बाईला ती जितकी कळेल तितकी दुसऱ्या कुणाला कळायची नाही.

शहर एक, माती दोन

संघ गावाचा किंवा पेठेचा असतो, ही आपल्या ओळखीची गोष्ट. आपलं कोल्हापूरच घ्या ना. शाहू स्टेडियमवर सामना असला की तालमीतालमीची, पेठेपेठेची माणसं आपापल्या संघामागे उभी राहतात. जिथे आपलं घर, तो आपला संघ. सोपा हिशेब!

कोलकात्यात हा हिशेब चालत नाही. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे दोन्ही संघ त्याच शहरातले. दोघांचे क्लबही तिथल्या विस्तीर्ण मैदानावर, एकमेकांपासून फार लांब नाहीत. मग लोकांची वाटणी होते कशी? तर वाडवडिलांच्या गावावरून. पश्चिम बंगालची मूळ माणसं म्हणजे 'घोटी', त्यांचा संघ मोहन बागान. पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेली ती 'बांगाल', त्यांचा ईस्ट बंगाल. एकाच जिन्यावर समोरासमोर दारं असलेल्या दोन घरांत दोन वेगळे झेंडे असू शकतात, ते असे.

मोहन बागान थोरला. १८८९ साली उत्तर कोलकात्यात त्याची स्थापना झाली. २९ जुलै १९११ रोजी या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या शिपायांना २-१ असं हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. आपल्या अकरांपैकी दहाजण अनवाणी खेळले होते, बरं का! साऱ्या बंगालने तो विजय आपला मानला. गंमत म्हणजे त्या अकरांतले बरेचजण मूळचे पूर्व बंगालचेच होते. तेव्हा अजून वाटणी झाली नव्हती.

ती झाली एका रुसव्यातून. १९२० च्या जुलैमध्ये मोहन बागानशी सामना असताना जोडाबागान नावाच्या संघाने शैलेश बोस या आपल्याच खेळाडूला वगळलं. तो पूर्वेकडचा म्हणून त्याला डावललं, असं सांगतात. संघाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांना ते लागलं. ते बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. शहरात नोकरीधंद्याला आलेल्या, बोलण्याच्या ढबीवरून चिडवल्या जाणाऱ्या पूर्वेकडच्या माणसांना हक्काची जागा मिळाली. २८ मे १९२५ रोजी लीगमध्ये हे दोन संघ पहिल्यांदा भिडले आणि धाकट्याने थोरल्याला १-० असं हरवलं.

परतीची वाट बंद झाल्यावर

तोपर्यंत ही चुरस थट्टेमस्करीतच जमा होती. सुटी लागली की बांगाल माणूस ढाक्याला, बारिसालला, फरिदपूरला आपल्या घरी जाऊन येत असे. १९४७ साली फाळणी झाली आणि ते घरच परदेशात गेलं. १९५१ च्या जनगणनेपर्यंत वीस लाखांहून अधिक निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते. जादवपूर, बिजयगड, आझादगड अशा दक्षिण कोलकात्यातल्या भागांत त्यांनी पडक्या जमिनींवर झोपड्या उभारल्या, वसाहती वसवल्या.

डोळ्यांसमोर आणा. घर गेलं, बाग गेली, पुकुर म्हणजे परसातलं तळं गेलं. नव्या शहरात रेशनच्या रांगेत उभं राहायचं आणि वर "निर्वासित" म्हणून ऐकून घ्यायचं. अशा माणसाला रोजच्या जगण्यात कुठे जिंकायला मिळणार? ते मिळालं फुटबॉलच्या मैदानावर. ज्या मुलुखाचं 'पूर्व बंगाल' हे नाव पुढे नकाशावरून पुसलं गेलं, ते संघाच्या नावात मात्र टिकून राहिलं. लाल-पिवळा झेंडा उंच गेला की क्षणभर गावच परत मिळत असे.

आणि ज्यांच्यावर हा जीव ओवाळून टाकला, ते खेळाडू कुठले होते म्हणता? १९४९ ते १९५३ या काळात ईस्ट बंगालचे 'पंचपांडव' गाजले. अहमद खान, अप्पाराव, सालेह, वेंकटेश आणि धनराज. पाचही जण दक्षिणेतले! १९४९ साली याच संघाने मुंबईला येऊन रोव्हर्स चषकही नेला. पुढे १३ जुलै १९९७ ला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सव्वा लाखाच्या वर लोकांसमोर मोहन बागानला ४-१ ने हरवताना तीन गोल केले ते सिक्कीमच्या भाईचुंग भुतियाने. खेळणारा कुठूनही येवो, त्याच्या अंगावरचा सदरा आपल्या मातीचा. प्रेक्षकांना तेवढं पुरे होतं.

सामना शिजतो चुलीवर

आता या आपल्या प्रांतात. बांगालांचा जीव की प्राण इलिश, म्हणजे हिलसा मासा. त्यातही पद्मा नदीचा. घोटींची खूण चिंगडी, म्हणजे कोळंबी, नारळाच्या दुधात शिजवलेली. ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात इलिशचा भाव चढतो आणि मोहन बागान जिंकला की चिंगडीचा, हे कोलकात्यात लहान पोरही सांगेल. घोटी बाई रश्श्यात चिमूटभर साखर घालणार, बांगाल बाई त्यावर नाक मुरडून मिरच्या वाढवणार! सुकट ('शुटकी') शिजायला लागली की घोटी शेजारीण खिडकी लावून घेते, हा तर पिढ्यान् पिढ्यांचा विनोद.

इलिश समुद्रातून नदीत चढतो, त्याला काही सरहद्द कळत नाही. पण पद्मेकाठचं घर सोडून आलेल्या आजीबाईंना ती कळली होती. मोहरी, हिरवी मिरची आणि मीठ एकत्र वाटून (मीठ-मिरचीबरोबर वाटली की मोहरी कडवट होत नाही, हेही लक्षात ठेवा) त्या इलिशला लावायच्या, तेव्हा गावाकडची चवच नातवंडांच्या ताटात उतरायची. नातवाने बारिसाल पाहिलेलं नसे. पण इलिश आणि लाल-पिवळा झेंडा या दोन गोष्टींनी ते गाव त्याचं झालेलं असे.

मग बांगाल मुलगी घोटी घरात सून म्हणून गेली की? पूर्वी अशी सोयरीक करताना दोन्हीकडचे वडीलधारे कुरकुरत. आता ती सर्रास होते. सामन्याच्या दिवशी नवरा-बायको दोन बाजूंना बसतात, चिडवाचिडवी होते. मुलं बहुतेक वडिलांच्या संघाची होतात, जसं आडनाव तसा संघ. पण आईच्या हातचा इलिश खाऊन वाढलेलं एखादं पोर आजोळकडे फुटतंच!

निष्ठा कुठवर?

ही माया आंधळी झाली की काय होतं, तेही या शहराने सोसलं आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा सामना चालू असताना प्रेक्षकांत मारामारी आणि चेंगराचेंगरी झाली. सोळा जण गेले. सामना बघायला म्हणून घराबाहेर पडलेली सोळा माणसं घरी परतली नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेला कोलकात्यात रक्तदान केलं जातं. त्या रक्ताला घोटी-बांगाल कुणी विचारत नाही.

आणि मैत्रिणींनो, अगदी अलीकडची गोष्ट. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. सारं शहर पेटून उठलं. १८ ऑगस्टला ड्युरँड चषकात मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना होता. बंदोबस्ताचं कारण देऊन तो रद्द करण्यात आला. तरी दोन्ही संघांचे समर्थक स्टेडियमबाहेर जमले. मोहम्मेडन स्पोर्टिंग या तिसऱ्या जुन्या क्लबचेही आले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, धरपकड केली, पण ती पोरं एकत्र राहिली. एका संघाच्या समर्थकाने दुसऱ्या संघाच्या समर्थकाला खांद्यावर घेतल्याचं छायाचित्र तेव्हा देशभर पाहिलं गेलं. शंभर वर्षांचे प्रतिस्पर्धी एका लेकीला न्याय मिळावा म्हणून एका आवाजात ओरडत होते. त्यांना कुणी झेंडा टाकून या, असं सांगितलं नव्हतं. दोघेही आपापले झेंडे घेऊनच आले होते.

आपल्याला तरी दुसरं काय हवं असतं? सासरचं सगळं आपलं म्हणावं, पण माहेरची एक चव, एक शब्द, एक सण आपल्याबरोबर यावा आणि त्यावरून कुणी टोमणा मारू नये. तेव्हा यापुढे शेजारणीला "गाव कुठलं?" म्हणून विचाराल, तेव्हा तिच्या सासरच्या गावावर थांबू नका. माहेरचंही विचारा, आणि तिथलं काय करून खायला घालणार, तेही!