आर्णी परिसर आणि वऱ्हाडातील पांढऱ्या सोन्याची धाव

सोन्याच्या शोधार्थ एकाएकी गजबजलेली आणि सोने सरताच ओसरलेली गावे हा ऐतिहासिक भूगोलातील एक परिचित विषय होय. २४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात सटर यांच्या लाकूडगिरणीपाशी सोन्याचे कण आढळले आणि जेमतेम हजार वस्तीचे सान फ्रान्सिस्को दोन वर्षांत पंचवीस हजारांच्या घरात गेले. त्याच प्रांतातील बोडी हे गाव १८७० च्या दशकाच्या अखेरीस भरास आले. पुढे ते ओस पडले व १९६२ पासून त्याची रिकामी घरे ऐतिहासिक उद्यान म्हणून जतन करण्यात आली. भारतात कोलारच्या खाणी १८८० नंतर नव्याने चालू झाल्या आणि २००१ मध्ये बंद झाल्या. तेथील खोल कूपके आणि खनिज दळून उरलेल्या चुऱ्याच्या टेकड्या आजही दिसतात. अशा स्थळी जाणाऱ्या अभ्यासकाला इतिहास शोधावा लागत नाही. तो अवशेषरूपाने समोर उभा असतो.

वऱ्हाडातही एकोणिसाव्या शतकात अशीच एक धाव झाली. तिचे द्रव्य कापूस होते आणि त्याला लोकांनी 'पांढरे सोने' हे नाव दिले. परंतु या धावेची ओस पडलेली गावे दाखवा म्हटले तर ती सापडत नाहीत. याचे कारण साधे आहे. खाणीतील सोने एकदा काढले की संपते. काळ्या मातीतून येणारे पीक दरवर्षी नव्याने येते. म्हणून गाव उठून जात नाही. मात्र धावेबरोबर आलेली जोखीमही उठून जात नाही; ती शेतातच राहते. या विधानाची प्रचीती पाहावयाची असेल, तर मोठ्या बाजारपेठांपेक्षा आर्णीसारखे मध्यम गाव व त्याचा परिसर अधिक उपयुक्त ठरतो.

भूमी

आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव अरुणावती नदीच्या काठी, यवतमाळच्या नैर्ऋत्येस वसले आहे. नागपूरहून यवतमाळमार्गे नांदेड व तुळजापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. अरुणावती अडाणला मिळते, अडाण पैनगंगेला आणि पैनगंगा पुढे वर्धेला. जुन्या विभागणीप्रमाणे वऱ्हाडाचे दोन भाग मानीत : पूर्णेच्या खोऱ्यातील सखल 'पायानघाट' आणि त्याच्या दक्षिणेकडील पठारी 'बालाघाट'. आर्णी बालाघाटात येते. हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे; कारण कापसाची धाव आधी पायानघाटात उसळली आणि बालाघाटात ती मागाहून चढत आली.

या प्रदेशाचा पाया दख्खनच्या बेसाल्टचा असून त्याचे लाव्हाथर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. या खडकाच्या विदारणातून काळी माती बनली. तिच्यातील चिकणखनिजे पाण्याने फुगतात व उन्हाळ्यात आकसतात. त्यामुळे वैशाखात शेतांना हात जाईल अशा भेगा पडतात. पावसाळ्यात मुरलेला ओलावा ही माती दीर्घकाळ धरून ठेवते आणि कपाशीचे सोटमूळ त्या ओलाव्यापर्यंत खाली पोचते. वार्षिक पर्जन्य सुमारे ९०० मिलिमीटर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, असे असता ओलिताविना हे पीक येते त्याचे रहस्य या मातीत आहे.

परंतु ही माती सर्वत्र सारखी नाही. नदीकाठी ती अनेक हात खोल असते. उतारावरून वर जावे तसतशी ती पातळ होत जाते आणि टेकडीच्या माथ्यावर मुरूम उघडा पडतो. एकाच गावशिवारात भारी, मध्यम व हलकी अशा तिन्ही प्रतींच्या जमिनी असतात. पुढील सर्व इतिहासाची किल्ली या उतारात आहे.

धाव

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ब्रिटिश गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक माल तोवर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे; नाकेबंदीमुळे तो थांबला आणि लँकेशायरची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. येथील कापूस परदेशी बाजारात 'उमरा' या नावाने ओळखला जाई. हे नाव उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून पडले. भाव कित्येक पटींनी चढले. शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या अशा आख्यायिका त्या काळापासून सांगितल्या जातात. त्यांची शहानिशा करणे कठीण असले तरी रोख पैशाचा खेड्यांत झालेला अनपेक्षित प्रवेश त्यांतून व्यक्त होतो.

मुंबईत याच पैशातून सट्टा माजला. समुद्र हटवून भूमी मिळविण्याच्या कंपन्यांचे भाग अवाच्या सवा किमतीस विकले गेले. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले आणि त्याच वर्षीच्या १ जुलै रोजी, वायद्यांच्या फेडीच्या दिवशी, हा डोलारा कोसळला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद या पर्वातील एक प्रमुख पुरुष होते. विद्यापीठाच्या त्या इमारतीचा वऱ्हाडच्या काळ्या मातीशी असा दूरचा संबंध पोचतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग नागपूरला पोचला तो १८६७ मध्ये, म्हणजे भाव कोसळल्यानंतर. कापसाच्या देखरेखीसाठी मध्यप्रांत व वऱ्हाडकरिता कॉटन कमिशनरचे पद निर्माण होऊन हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांची त्यावर नेमणूक झाली तीही १८६६ मध्ये. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी व आकारणीही याच दशकात सुरू झाली. सोन्याच्या धावेत आधी माणसे येतात व सोने संपताच निघून जातात. वऱ्हाडात उलट घडले : तेजी गेली, पण तेजीसाठी योजिलेली सर्व यंत्रणा, म्हणजे लोहमार्ग, बाजार, सारा व कर्ज, तिच्यामागून येऊन स्थिरावली. भाव उतरल्यावरही शेतकऱ्याला कापूस सोडता आला नाही, कारण सारा आणि सावकार यांचे देणे रोखीने फेडावयाचे होते आणि रोख पैसा देणारे पीक हेच होते. रयतवारीत जमीन गहाण ठेवता येत असल्यामुळे कर्ज मिळणे सोपे झाले आणि जमीन जाणेही सोपे झाले.

वाहतूक व बाजार

लोहमार्गापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून घाट उतरत असे. मालवाहू बैलांचे तांडे चालविणारा बंजारा समाज या व्यापाराचा कणा होता. आगगाडीने त्याचा हा व्यवसाय हिरावून घेतला आणि अनेक तांडे कायमचे स्थिरावून शेतीकडे वळले. आर्णी, दिग्रस, दारव्हा या भागात बंजारा तांड्यांची मोठी संख्या आहे. त्यांतील अनेक तांडे गावठाणापासून दूर, उताराच्या हलक्या जमिनींलगत दिसतात. खोल मातीची शेते आधीच जुन्या खातेदारांकडे होती, ही गोष्ट त्या स्थानावरूनही ध्यानात येते.

बाजाराच्या इतिहासातही या भागाला मान आहे. दारव्ह्याच्या वायव्येस असलेल्या कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला आणि आजच्या कृषि उत्पन्न बाजार समित्यांची परंपरा त्यापासून मोजली जाते. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंदमापी आगगाडी सुरू झाली. 'शकुंतला' या नावाने प्रसिद्ध झालेली ही गाडी कारंजा व दारव्ह्यावरून जाई. आर्णी तिच्या मार्गाबाहेर राहिले. येथील शेतमाल त्यामुळे दीर्घकाळ बैलगाडीने व पुढे मालमोटारीने बाहेर जात राहिला. आर्णीत बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, आणि हिंदु-मुसलमान दोन्ही समाजांचे लोक त्यास येतात. अशा मध्यम गावाचे पंचक्रोशीशी असलेले नाते बाजाराइतकेच यात्रेतूनही टिकून राहते.

खुद्द कापसाच्या वाणातही धावेचा परिणाम उमटला. 'बनी' हा लांब व तलम धाग्याचा देशी वाण एकेकाळी या प्रदेशाचे भूषण होता. सरकी काढल्यानंतर अधिक रुई देणाऱ्या जाड्या व आखूड धाग्याच्या 'जरी' कापसाने त्याला मागे सारले. व्यापाऱ्याला वजन हवे होते, तलमपणाचा भाव शेतकऱ्याच्या पदरी पडत नव्हता.

धावेचे मोल

अरुणावतीच्या पात्रापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत सरळ रेषेत चालत गेल्यास या इतिहासाचा छेदच पाहावयास मिळतो. प्रथम नदीकाठची खोल काळी जमीन लागते. दिग्रस तालुक्यातील अरुणावती प्रकल्पाच्या कालव्यांमुळे काही पट्ट्यांत आता ओलीत झाले आहे. तेथून वर मध्यम जमिनीत पऱ्हाटी, तूर व सोयाबीन. त्याहून वर, जेथे पूर्वी गुरचरण व झुडपी रान होते, तेथे मुरमाड जमिनीतही कपाशीची तासे गेलेली दिसतात. शेवटी साग, धावडा, सालई, तेंदू व मोह यांचे पानझडी जंगल. कापसाच्या धावेने हा नांगर उतारावर वर वर नेला. ज्वारीचे व चराईचे क्षेत्र आक्रसले, त्याबरोबर कडबा व गुरे घटली, आणि शेणखत कमी झाल्याने हलकी जमीन अधिकच हलकी झाली.

१८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत या रचनेची परीक्षा झाली. दुष्काळ अवर्षणाने पडला, कापसाने नव्हे. तथापि पेवातल्या ज्वारीऐवजी बाजारातल्या धान्यावर आणि मजुरीवर जगणारा वर्ग वाढलेला असल्याने त्याचा आघात अधिक खोल गेला. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ च्या शिरगणतीत ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली.

पुढील शतकात उपाय झाले. १९७२ पासून राज्याने एकाधिकार कापूस खरेदी योजना राबविली. २००२ नंतर ती मोडीत निघाली. त्याच वर्षी बोंडअळीप्रतिकारक बीटी कपाशीला मान्यता मिळाली आणि काही वर्षांत तिने बहुतेक क्षेत्र व्यापले. कालांतराने गुलाबी बोंडअळी तिला दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास योजना जाहीर केली ते जिल्हे यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व वर्धा हे होत. १८६० च्या दशकातील 'उमरा' व 'हिंगणघाट' कापसाच्या नकाशावर ही सहा नावे ठेवून पाहिली, तर दोन्ही नकाशे जवळजवळ एकमेकांवर बसतात. या साम्यावरूनच सर्व कारणे सिद्ध होतात असे नाही. परंतु कोणत्याही विवेचनाला ते वगळून पुढे जाता येणार नाही.

जंगलाच्या सीमेवरही हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा आहे. आर्णीच्या आग्नेयेस टिपेश्वर अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर असून तेथे वाघांचा अधिवास आहे. दक्षिणेस पैनगंगेच्या काठी पैनगंगा अभयारण्य आहे. दोन्ही वनांभोवती शेते आहेत आणि डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी रानडुकराला व प्रसंगी वाघालाही आडोसा देते. २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा मनुष्यबळींचा आरोप असलेली वाघीण मारली गेली, त्या घटनेची पार्श्वभूमी जंगल व शेती यांच्यातील नाहीशा होत गेलेल्या गुरचरणात शोधावी लागते.

उपसंहार

दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. पहिल्या वेचणीपूर्वी शेतात दहीभाताने पूजा करण्याची 'सीतादही' ही चाल विदर्भात अजून आढळते. वेचणीचे काम मुख्यतः स्त्रिया करतात, ओटीत कापूस गोळा करतात आणि वजनावर मजुरी घेतात. हा कापूस बाजारात गेल्यावर त्याच्या रुईचा भाव आजही 'खंडी'वर, म्हणजे सुमारे ३५६ किलोग्रॅमच्या मापावर, सांगितला जातो. बोडीला गेलेला प्रवासी रिकाम्या घरांच्या काचांतून आत डोकावतो, कारण तेथील कथा पुरी झाली आहे. आर्णीच्या शिवारात ती पुरी झालेली नाही. येथे धावेचा अवशेष म्हणून जे पाहावयाचे ते पीक दर जूनमध्ये पुन्हा पेरले जाते. मातीची खोली, शेताची उंची, तांड्याचे स्थान आणि जंगलाची कड या चार गोष्टींची नोंद करीत जो हा उतार चढेल, त्याला वऱ्हाडच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या अर्थेतिहासाचे मुख्य दस्तऐवज भूमीवरच वाचता येतील.